बिअरस्टाटचं चित्र १८८९ ला बाद का झालं? त्यामागची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन निसर्गचित्रकार अल्बर्ट बिअरस्टाट म्हटलं की योसेमिटीची दरी, रॉकी पर्वत आणि ढगांतून उतरणारा तो सोनेरी उजेड हे बहुतेकांना माहीत असतं, त्यामुळे त्यात जात नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १८८९ चा निर्णय. त्या वर्षीच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी अमेरिकन चित्रं निवडायला न्यूयॉर्कच्या चित्रकारांची समिती बसली आणि त्यांनी त्याचं 'द लास्ट ऑफ द बफेलो' हे चित्र चक्क बाद केलं. ज्याच्या एका चित्राला १८६५ मध्ये २५,००० डॉलर मिळाले होते त्याच्यावर चोवीस वर्षांत ही वेळ कशी आली, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

जन्म १८३० चा, प्रशियातल्या झोलिंगन गावचा. अगदी लहान असतानाच घरचे मॅसॅच्युसेट्सच्या न्यू बेडफर्डला आले. म्हणजे वाढला अमेरिकेत, पण चित्रकला शिकायला १८५३ ला परत जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला गेला. तिथली रीत अशी की बाहेर फिरून बारीक स्केचेस करायची आणि मग स्टुडिओत बसून त्यातून मोठा कॅनव्हास जुळवायचा, दगड न् दगड रेखीव, ब्रशचा फटकारा कुठे दिसता कामा नये. ही सवय त्याच्या मोठ्या चित्रांतून शेवटपर्यंत गेली नाही आणि पुढे टीकाकारांनी नेमकं तेच धरलं.

१८५९ ला तो सरकारी रस्ता-सर्व्हेच्या तुकडीबरोबर पश्चिमेला गेला, वायोमिंगच्या विंड रिव्हर डोंगरांपर्यंत. सोबत कॅमेरा होता (भावांचा फोटोग्राफीचाच धंदा होता) आणि कागदावर तैलरंगात पटापट स्केचेस चालू. त्यातून १८६३ ला 'द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक' झालं, साधारण ६ बाय १० फूट. यातली दरी, तळं, धबधबा असे एका जागी उभं राहून दिसत नाहीत, ते जुळवलेलं दृश्य आहे आणि तेव्हा कोणाला त्याचं फारसं वावगं वाटलं नाही, कारण बघणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पश्चिम पाहिलेलीच नव्हती. याच चित्राचे ते २५,००० डॉलर. १८६३ च्याच दुसऱ्या दौऱ्यात त्याने कोलोरॅडोतल्या एका शिखराला रोझली नाव दिलं, ती तेव्हा त्याच्या प्रवासातल्या सोबत्याची बायको होती, १८६६ ला त्याची स्वतःची झाली. ते नाव पुढे टिकलं नाही, शिखराचं माउंट एव्हान्स झालं आणि २०२३ ला माउंट ब्लू स्काय.

१८६७ ला 'द डोम्स ऑफ द योसेमिटी'लासुद्धा २५,००० डॉलरच मिळाले, त्याच वर्षी फ्रान्सचा लिजन ऑफ ऑनर हा सन्मान. पण सूर बदलायला तिथूनच सुरुवात झाली होती. चित्र भव्य आहे पण हवा कॅलिफोर्नियाची वाटत नाही, अशी तक्रार त्याच वर्षी छापून आली. मग १८६९ ला रेल्वे पूर्व-पश्चिम जोडली गेली, लोक स्वतः डब्यात बसून ते डोंगर बघून यायला लागले, १८७३ ला बाजार कोसळला, श्रीमंत गिऱ्हाइकं आटली. आणि पॅरिस-म्युनिकला शिकलेली नवी पोरं परत आली ती फ्रेंच बार्बिझाँ पद्धतीची मऊ, धूसर, छोटी चित्रं घेऊन. त्यांच्या डोळ्यांना बिअरस्टाट म्हणजे नाटकाचा पडदा.

आता मूळ मुद्द्यावर. बाद करण्यामागे आकाराचं कारण नेहमी सांगितलं जातं, चित्र फार मोठं होतं म्हणे. 'द लास्ट ऑफ द बफेलो' (१८८८) सुद्धा साधारण ६ बाय १० फूट आहे, म्हणजे ज्या चित्राने त्याचं नाव झालं जवळपास त्याच मापाचं, किंचित लहानच! भिंतीवर जागा कमी असेल, मान्य, प्रदर्शन वेगळं होतं हेही मान्य, पण मला तरी यात आवडीनिवडीचा भाग जास्त दिसतो. पॅरिससमोर अमेरिका आधुनिक दिसायला हवी होती आणि त्यात हा म्हातारा बसत नव्हता. त्याच वर्षी पॅरिसच्या सलोंमध्ये (तिथल्या नेहमीच्या चित्रप्रदर्शनात) मात्र हेच चित्र लागलं, म्हणजे फ्रेंचांना ते टांगायला जागा सापडली.

चित्रावरचा एक आक्षेपही सांगायला हवा. चित्रात घोड्यावरचा मूलनिवासी शिकारी बायसनला (अमेरिकेत त्यालाच बफेलो म्हणतात) भाला मारतोय, पुढे मेलेली जनावरं आणि कवट्या पडल्यात, मागे मैदानभर कळप. आणि प्रत्यक्षात तोवर तिथे बायसन हजाराच्या आसपास उरले होते, ते संपवले कातड्याच्या व्यापाऱ्यांनी आणि रेल्वेने आलेल्या बंदूकवाल्यांनी. भाला आणि घोडा पुढे ठेवून खरे गुन्हेगार चौकटीबाहेर ठेवलेत, हा आक्षेप आजही घेतला जातो आणि तो योग्यच आहे. फक्त १८८९ ला ते चित्र त्यासाठी बाद झालं असं मात्र कुणी समजू नये.

आणि त्याची शैली गोठलेली होती असं म्हणतात, तेही अर्धवट खरं. रोझलीला क्षय झाला, १८७७ पासून बहामातल्या नासाउला जाणं-येणं सुरू झालं, तिथला समुद्र आणि किनारा त्याने वेगळ्याच हलक्या उजेडात रंगवलाय. हडसनकाठचं त्याचं मोठं घर १८८२ ला जळलं. आणि चित्र बाद झालं त्याच १८८९ ला तो अलास्काला निघाला होता, वाटेत लोरिंगजवळ बोट फुटली, तर त्या कलंडलेल्या 'अँकॉन'चं त्याने कागदावर छोटंसं तैलचित्र केलं. राखाडी पाणी, धुकं, बास. ना सोनेरी उजेड ना धबधबा. ज्यांना तो एकाच ठशाचा वाटतो त्यांनी आधी हे बघावं, बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे.

पण नाव झालं ते मोठ्या कॅनव्हासांनी आणि बुडालंही त्यांच्यासोबतच. १८९३ ला रोझली गेली, १८९५ ला दिवाळखोरी, १९०२ ला न्यूयॉर्कमध्ये मृत्यू, तोवर बाजारात त्याला फारसं कोणी विचारत नव्हतं. 'बफेलो' १९०९ ला दुसऱ्या बायकोने वॉशिंग्टनच्या एका गॅलरीला देऊन टाकलं, ती गॅलरी बंद पडल्यावर २०१४ ला ते नॅशनल गॅलरीत गेलं. १९६० च्या दशकात लोक परत वळले तेही आधी त्याच्या स्केचेसकडे, कारण ती तेव्हाच्या नजरेला ताजी वाटली. १९९१ च्या ब्रुकलिनच्या मोठ्या प्रदर्शनाने त्याच्या धंदेवाईक बाजूचीही नीट मांडणी केली, तिकीट लावून एकेक चित्र दाखवणं, बड्या लोकांना धरून ठेवणं, एका डोंगराच्या चित्राचं नाव एका गॅलरीच्या संस्थापकावरून ठेवून त्याच गॅलरीला ते विकणं. हे वाचून बरेच जण त्याला सेल्समन म्हणून निकालात काढतात. मला ते पटत नाही, त्या धंद्यातून आलेल्या पैशानेच तर पुढचे दौरे झाले आणि ती कागदावरची स्केचेस मिळाली.