तुमच्या हातातला क्लिओनिसेरस: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून तुम्ही नेलेली ही चकती दिसायला दगडाची, पण मुळात ते एका समुद्री प्राण्याचे घर आहे. प्राण्याचे नाव क्लिओनिसेरस. अमोनाइट गटातला, माकूल आणि ऑक्टोपसचा लांबचा नातलग. सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी तो मादागास्करच्या वायव्येकडील समुद्रात राहत असे. आमचे नग तिथल्या महाजंगा भागातलेच. त्या काळी मादागास्कर आणि आपला भारत एकमेकांना जोडलेले होते! ते वेगळे झाले त्यानंतर, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी.

कापलेली बाजू उजेडात धरा. मधल्या ठिपक्यापासून बाहेर येताना कप्पे मोठे होत जातात. प्राणी राहायचा शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत. अंग वाढले की पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालायचा. मागच्या खोल्यांतले पाणी एक बारीक नळी ओढून घ्यायची, तिथे वायू भरायचा आणि शंख पाण्यात हलका राहायचा. प्राणी मेल्यावर शंख गाळात पुरला गेला, त्यात क्षारयुक्त पाणी झिरपले. तुम्हाला दिसणारे मधाच्या रंगाचे स्फटिक त्यातूनच तयार झाले. ते कॅल्साइट या खनिजाचे. एखादा कप्पा पोकळ असेल तर तो दोष समजू नका, आम्हाला तर असे नग जास्त आवडतात. काही नगांवर बाहेरून पानांसारखी नक्षी दिसते, तीही आम्ही कोरलेली नाही. आतल्या भिंतींच्या कडा शंखाला जिथे टेकत, तिथे त्या अशाच नागमोडी असत.

एकच शंख मधोमध कापून केलेल्या जोडीचे दोन भाग तंतोतंत जुळत नाहीत, कारण करवतीच्या पात्याच्या जाडीइतका दगड कापताना जातो. भेग रेझिनने भरलेली असेल तर आम्ही तसे बिलावर लिहितो.

‘हा शाळिग्राम का?’ असे बरेच जण विचारतात. शाळिग्रामातही अमोनाइटच असतो, पण तो नेपाळातल्या काली गंडकीच्या खोऱ्यातला, काळ्या दगडातला आणि याहून जुना. म्हणून हा नग आम्ही शाळिग्राम म्हणून विकत नाही. तरी कुणी देवघरात ठेवणार असाल, तर कळकळीची विनंती: पंचामृताचा अभिषेक नको. दह्याच्या आंबटपणाने कॅल्साइट हळूहळू झिजतो आणि चकाकी जाते. लिंबू, चिंच, व्हिनेगर तर लांबच ठेवा. मऊ कोरड्या कापडाने पुसा. फार धूळ असेल तर साध्या पाण्याने धुऊन लगेच टिपा. गारगोटीच्या खड्यांबरोबर एका डब्यात ठेवू नका, ओरखडे पडतात.