उणे पाच तलवारी

दहा वर्षांची असताना मी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत एक गेम बनवला होता. एक राक्षस, एक दुकान आणि खेळणाऱ्याच्या खिशात ५० नाणी. तलवार २० नाण्यांना, चिलखत १५० ना. चिलखत मुद्दाम महाग ठेवलं होतं, कारण ते घातलं की राक्षस काहीच करू शकत नसे. दुकानदार विचारायचा, "किती तलवारी हव्यात?" आकडा टाकला की तेवढी नाणी वजा व्हायची, आणि नाणी कमी पडली तर तो हाकलून द्यायचा. मी शंभरदा तरी खेळून बघितलं असेल. मग धाकटा भाऊ बसला आणि त्याने आकडा टाकला: -५.

पाच तलवारींचे शंभर, पुढे उणे. पन्नासातून उणे शंभर वजा केले की उरतात दीडशे. दुकानदाराने निमूटपणे शंभर नाणी मोजून दिली, भावाने हातात नसलेल्या पाच तलवारी विकून चिलखत घेतलं आणि मला म्हणाला, "ताई, तुझा दुकानदार येडा आहे."

"असं कोणी करतं का!" मी चिडून म्हणाले. आज मी सायबर सुरक्षा शिकते आहे, आणि बहुतेक सगळ्या सुरक्षा-त्रुटींच्या मुळाशी हेच वाक्य सापडतं. खरेदीची संकेतस्थळं तपासणारे लोक आजही कार्टमध्ये उणे आकडा टाकून बघतात.

स्क्रॅच २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधून सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात कोड टाइप करायचा नसतो, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे असतात. आणि त्या ब्लॉकच्या आकारांत एक फार हुशार गोष्ट दडलेली आहे. 'जर... तर' या ब्लॉकची खाच षट्कोनी असते, तिच्यात फक्त खरं-खोटं सांगणारा षट्कोनी ब्लॉकच बसतो. नाव किंवा संख्या देणारा गोल ब्लॉक तिथे कितीही ढकला, शिरत नाही. म्हणजे व्याकरणाची चूक करायची सोयच नाही. पण -५ हा आकडा व्याकरणाच्या दृष्टीने अगदी शुद्ध आहे. दुकानात तो चालणार नाही, हे मीच सांगायला हवं होतं.

पुढे पायथन ही टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा शिकले आणि डायरीसाठी पासवर्ड विचारणारा प्रोग्रॅम लिहिला. टाइप केलेला शब्द ठरलेल्या शब्दाशी जुळला तरच डायरी उघडायची. भावाने पासवर्ड ओळखण्याच्या फंदात न पडता प्रोग्रॅमची फाइलच नोटपॅडमध्ये उघडली. पासवर्ड चौथ्या ओळीत होता.

मला हसायला हरकत नाही, पण मोठ्यांनीही हेच केलेलं आहे. २००९ साली रॉकयू या कंपनीकडून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा ते असेच उघडे, जसेच्या तसे साठवलेले होते. त्यांत सगळ्यांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. चोर आत शिरला तो एसक्यूएल इंजेक्शनने. ही युक्ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी अर्धा तास कागदावर खरडत बसले होते.

समजा प्रोग्रॅम डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, असा हुकूम देतो: नोंदी दाखव जिथे नाव = 'अमुक'. अमुकच्या जागी आपण टाइप केलेलं नाव चिकटवलं जातं. आता नावाच्या रकान्यात कोणी टाइप केलं: क्ष' किंवा '१'='१. चिकटवल्यावर हुकूम होतो: नोंदी दाखव जिथे नाव = 'क्ष' किंवा '१'='१'. एक म्हणजे एक हे नेहमीच खरं, त्यामुळे सगळ्या नोंदी बाहेर. एका अवतरण चिन्हाने नावाची हद्द ओलांडली आणि माहिती म्हणून आलेला मजकूर हुकूम होऊन बसला. यावरचा उपाय असा की हुकमाचा साचा आधी पक्का करून पाठवायचा आणि नाव मागाहून, वेगळं. मग त्यात काहीही लिहिलेलं असो, ते नावच राहतं. स्क्रॅचची ती खाच इथे पुन्हा भेटली तेव्हा फार बरं वाटलं.

पासवर्डचं काय करायचं, याचं उत्तर बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या शोधनिबंधात दिलेलं आहे. पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा ठसा साठवायचा. या ठशाला आज हॅश म्हणतात. पासवर्डवरून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड नाही. शिवाय प्रत्येकाच्या पासवर्डात थोडी वेगळी भर घालायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे सहसा वेगळे पडतात. या भरीला सॉल्ट म्हणतात. आणि ठसा काढण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवायची. आपल्याला एकदाच काढायचा असतो, चोराला मात्र अंदाज बांधत कोट्यवधी वेळा.

गंमत पुढे आहे. याच मॉरिस यांचा मुलगा, रॉबर्ट टॅपन मॉरिस, कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक वर्म, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. हा वर्म ४३२ शब्दांची यादी घेऊन लोकांचे पासवर्ड ओळखायचा. त्याची दुसरी वाट जास्त बोलकी आहे. संगणकावर कोण काम करतंय हे सांगणारा 'फिंगर' नावाचा एक साधा प्रोग्रॅम होता. त्याने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइट (एक बाइट म्हणजे साधारण एक इंग्रजी अक्षर) जागा ठेवली होती, पण आलेला मजकूर तेवढ्यात मावतो का, हे तो बघतच नसे. वर्मने ५३६ बाइट पाठवले. वरचे २४ बाइट शेजारच्या जागेवर सांडले, आणि काम संपल्यावर प्रोग्रॅमने परत कुठे जायचं हा पत्ता नेमका तिथेच लिहिलेला होता. पत्ता बदलला आणि प्रोग्रॅम चोराच्या घरी गेला. हा घोटाळा सी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या, मजकूर वाचून घेणाऱ्या 'गेट्स' नावाच्या तयार आज्ञेमुळे झाला. ती भाषेच्या अधिकृत नियमावलीतून काढून टाकायला २०११ साल उजाडलं.

वर्म लिहिणाऱ्याचंही गणित चुकलंच. एखाद्या यंत्रावर वर्म आधीच असेल तर नव्या प्रतीने थांबावं, असं त्याने ठरवलं होतं. पण कोणी खोटंच 'आधीच आहे' असं उत्तर देऊन वर्मला अडवेल, म्हणून सातांतल्या एका वेळी त्या उत्तराकडे दुर्लक्ष करायचं असंही लिहून ठेवलं. हे प्रमाण भलतंच जास्त निघालं. एकेका यंत्रावर प्रतींचा ढीग साचला आणि यंत्रं गुदमरली. खटला चालला, दंड झाला. पुढे हाच मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला.

हे वाचलं की हात शिवशिवतात, ते मी नाकारणार नाही. पण दुसऱ्याच्या यंत्राला परवानगीशिवाय हात लावणं हा गुन्हा आहे, 'नुसतं बघत होते' म्हटल्याने सुटका होत नाही. म्हणून 'कॅप्चर द फ्लॅग' स्पर्धा असतात. मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी एक गुप्त ओळ लपवलेली असते, ती शोधून आणायची. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही तर शाळकरी मुलांसाठीच सुरू झाली. माझी पहिली ओळ मिळवायला मला पूर्ण रविवार लागला. चित्राच्या फाइलच्या शेवटी, चित्र संपल्यानंतर, ती साध्या अक्षरांत लिहिलेली होती. मी दिवसभर चित्राकडे बघत बसले होते.

गेल्या महिन्यात तो जुना गेम उघडला. तलवारींचा आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तरच दुकानदाराने विक्री करावी, अशी अट घातली आणि भावाला बोलावलं. त्याने -५ टाकलं. दुकानदाराने हाकललं. त्याने थोडा विचार केला आणि टाकलं ०.१. दोन नाणी वजा झाली. लढाईत मी फक्त एवढंच तपासत होते, की तलवारी शून्यापेक्षा जास्त आहेत ना. राक्षस एका घावात पडला.