अँड्रोजनाधिक्य : स्त्रियांच्या त्वचेच्या व केसांच्या तक्रारी

स्त्रीच्या शरीरात अंडाशय आणि अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथी) टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजन म्हणजे पुरुषी संप्रेरके थोड्या प्रमाणात तयार करतच असतात. ती वाढली की चेहऱ्यावर राठ केस उगवणे, डोक्यावरचे केस विरळ होणे, त्वचा तेलकट होणे आणि हट्टी मुरुमे या तक्रारी सुरू होतात. रक्तातले प्रमाण ठीक असूनही केशमुळेच संप्रेरकाला जास्त दाद देतात, असेही घडते. त्यामुळे रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही.

एकच संप्रेरक हनुवटीवर केस वाढवते आणि टाळूवरचे घालवते. त्वचेतले ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनपासून अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते. त्याच्यामुळे वरचा ओठ, हनुवटी, छाती, बेंबीखालचा भाग इथली मऊ लव जाड व काळी होते. टाळूवरची मुळे मात्र आक्रसतात. कपाळावरची केसांची रेघ बहुधा शाबूत राहते, भांग रुंदावत जातो. मुरुमे बरेचदा जबड्याच्या कडेने येतात.

सर्वांत मोठे कारण पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार. त्यात इन्सुलिनचा रोध असेल, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसेल, तर वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला आणखी अँड्रोजन बनवायला लावते. अशा वेळी मानेवर मखमली काळसर पट्टा दिसतो. तो मळ नव्हे. घासून जात नाही, उलट त्वचा सोलवटते.

राठ केसांच्या मोजणीसाठी फेरीमन व गॉलवे यांची १९६१ची पद्धत सुधारून वापरतात : ९ जागा, प्रत्येकी ० ते ४ गुण. पण वर्षानुवर्षे थ्रेडिंग-वॅक्सिंग करणाऱ्या स्त्रीचे गुण कमी भरतात, म्हणून तिला विचारल्याशिवाय केलेली मोजणी अपुरीच. वस्तऱ्याने केस दाट होतात, हा समज चुकीचा आहे. कापलेले टोक बोथट असल्याने खुंट फक्त राठ लागतो.

काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, हे तातडीने तपासावे लागते.

उपचारांत संयुक्त (दोन संप्रेरकांच्या) गर्भनिरोधक गोळ्या, अँड्रोजनचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन, नको असलेल्या केसांसाठी लेझर आणि टाळूसाठी मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारे औषध वापरतात. स्पायरोनोलॅक्टोन गरोदरपणात चालत नाही. केसाचे वाढचक्र संथ असल्याने गोळ्यांचा फरक दिसायला ६ महिने तरी लागतात. दुसऱ्याच महिन्यात निराश होऊन औषध सोडणाऱ्या स्त्रियांना हे आधीच सांगायला हवे होते.