कंट्रोल सरफेस : घरच्या रेकॉर्डिंगसाठी निवड

कंट्रोल सरफेस म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधला मिक्सर हाताने चालवण्याचे उपकरण. त्यावरचे फेडर (वर-खाली सरकवायच्या कळा), नॉब आणि बटणे हलवली की पडद्यावरच्या ट्रॅकची, म्हणजे एकेका वेगळ्या मुद्रित आवाजाची, पातळी, पॅन (डावी-उजवी जागा), म्यूट (बंद करणे), सोलो (एकटाच ऐकणे) बदलतात. दिसायला ते छोट्या मिक्सरसारखे असले तरी त्यातून ध्वनी वाहत नाही, फक्त आदेश जातात. मायक्रोफोनचा सिग्नल संगणकात घेणे आणि तो स्पीकरकडे पाठवणे हे ऑडिओ इंटरफेसचे काम असते आणि ते त्याच्याकडेच राहते. त्यामुळे सरफेस घेतल्याने मुद्रित आवाजाचा दर्जा वाढत नाही. फरक पडतो तो मिक्स करणाऱ्याच्या कामात. डोळे पडद्यावरून सुटतात, लक्ष ऐकण्याकडे जाते, आणि दोन ट्रॅकचा तोल दोन बोटांनी एकाच वेळी साधता येतो. माऊसने एका वेळी एकच गोष्ट हलते.

दोन्ही कामे एकाच पेटीत करणारी उपकरणेही आहेत. डिजिडिझाइनचे 2002 मधले डिजी 002 हे त्यांतले गाजलेले उदाहरण. अशा जोड-उपकरणाचा मोह घरच्या छोट्या टेबलावर स्वाभाविक आहे. मात्र त्यांना लागणारी फायरवायर जोडणी संगणकांवरून हद्दपार झाली तेव्हा या जातीच्या यंत्रांचे चांगले चालणारे फेडरही इंटरफेसबरोबरच अडगळीत गेले. दोन गोष्टी वेगळ्या घेतल्या तर एक जुनी झाली तरी दुसरी कामात राहते.

निवड करताना बहुतेकांची नजर आधी फेडरच्या संख्येवर जाते. ती सर्वांत शेवटी जावी. आपले सॉफ्टवेअर आणि हे उपकरण एकमेकांशी कोणत्या पद्धतीने बोलतात, आणि ते बोलणे दोन्ही बाजूंनी होते का, हे आधी पाहावे.

संदेशवहन

1983 मध्ये आलेल्या मिडी या वाद्ये आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या मानकात साध्या नियंत्रकाचे मूल्य 0 ते 127 असते. सर्वसाधारण मिडी कंट्रोलर हेच आकडे पाठवतो, आणि कोणत्या नॉबने काय हलवायचे हे वापरणाऱ्याला एकेक करून ठरवून द्यावे लागते. सिंथेसायझरच्या फिल्टरसाठी हे पुरते. मिक्सरसाठी पुरत नाही, कारण ट्रॅकचे नाव, फेडरची सध्याची जागा, कोणता ट्रॅक रेकॉर्डसाठी तयार आहे, ही माहिती सॉफ्टवेअरकडून परत यावी लागते.

त्यासाठी ठरीव पद्धती तयार झाल्या. मॅकी कंपनीने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रो टूल्स या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी एचयूआय हा सरफेस आणला. त्याची संदेशपद्धती त्याच नावाने आजही चालते. त्यात सॉफ्टवेअर दर सेकंदाला सरफेसची हजेरी घेते, आणि उत्तर आले नाही तर तो जोडलेला नाही असे धरते. पुढे मॅकीनेच इमॅजिक कंपनीच्या लॉजिक या सॉफ्टवेअरसाठी लॉजिक कंट्रोल बनवले आणि त्यातून मॅकी कंट्रोल ही पद्धत रूढ झाली. लॉजिक प्रो, क्यूबेस, रीपर, स्टुडिओ वन, एबलटन लाइव्ह ही सॉफ्टवेअर ती ओळखतात. प्रो टूल्स मात्र ओळखत नाही. तिथे एचयूआय किंवा युकॉन लागते. युकॉन ही युफोनिक्सची पद्धत असून 2010 मध्ये ती कंपनी प्रो टूल्स बनवणाऱ्या अॅव्हिडने विकत घेतली. युकॉनमध्ये प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेली ध्वनिप्रक्रियेची साधने) आणि इक्वलायझरपर्यंत हात खोलवर पोचतो.

मॅकी कंट्रोलमध्ये फेडरची जागा पिच बेंडच्या (सूर वर-खाली वाकवण्याच्या) संदेशातून जाते आणि प्रत्येक फेडरला स्वतंत्र मिडी चॅनल असतो. फेडरला बोट लागले की नोट-ऑनचा (स्वर सुरू करण्याचा) संदेश जातो. याचा एक परिणाम नवख्याला हमखास गोंधळात टाकतो. सॉफ्टवेअरमध्ये वाद्याच्या ट्रॅकला ‘सर्व मिडी इनपुट’ दिलेले असतील, तर पहिला फेडर सरकवताच पियानोचा सूर घसरू लागतो आणि फेडरला नुसता हात लावला तरी एखादा स्वर वाजतो. उपकरण बिघडलेले नसते. सरफेसचे पोर्ट त्या ‘सर्व इनपुट’च्या यादीतून काढून फक्त कंट्रोल सरफेसच्या सेटिंगमध्ये ठेवायचे असतात, तेही इनपुट आणि आउटपुट दोन्ही. आउटपुट द्यायचे राहिले तर आदेश जातात, पण फेडर आणि दिवे मख्खासारखे पडून राहतात.

या पद्धतीत ट्रॅकच्या नावासाठी दर चॅनलला सातच अक्षरांची जागा असते आणि अक्षरे रोमन लिपीची धरलेली असतात. सरफेसवर नावे वाचायची असतील तर ट्रॅकना रोमनमध्ये आखूड नावे द्यावीत. देवनागरी नावे पडद्यावर व्यवस्थित दिसली तरी सरफेसवर उमटत नाहीत.

काही उपकरणांत ठरावीक सॉफ्टवेअरसाठी खास पद्धतही असते आणि ती वापरली तर प्लगइनची नावे, ऑटोमेशनचे (नोंदलेल्या हालचाली गाण्याबरोबर आपोआप होण्याचे) प्रकार, बटणांचे रंग सगळे नीट जुळते. आपण वर्षानुवर्षे एकाच सॉफ्टवेअरवर राहणार असू तर अशी खास जुळणी दोन जास्तीच्या फेडरपेक्षा मोलाची ठरते. ओपन साउंड कंट्रोल ही नेटवर्कवर चालणारी पद्धत टॅबलेटवरच्या नियंत्रकांत जास्त दिसते. 2020 मध्ये जाहीर झालेल्या मिडी 2.0 मध्ये नियंत्रकाची मूल्ये 32 बिटांपर्यंत बारीक होतात.

फेडर

आवाजाची पातळी 128 टप्प्यांत हलवणे आणि 1,024 टप्प्यांत हलवणे यांतला फरक हाताला लगेच कळतो. फेडरच्या वरच्या पाव भागात 10 डेसिबल बसवलेले आहेत असे धरू. साध्या मिडी फेडरला तेवढ्या अंतरात 32 टप्पे मिळतात, म्हणजे एकेक टप्पा सुमारे 0.3 डेसिबलचा. तोवर ठीक. पण खालच्या भागात 20 टक्के अंतरात 30 डेसिबल उतरायचे असतात. तिथे टप्पा 1 डेसिबलच्या वर जातो आणि गाण्याच्या शेवटचा संथ फेड पायऱ्या उतरल्यासारखा ऐकू येतो. मॅकी कंट्रोल पद्धतीच्या मोटर फेडरना (मोटरने आपोआप सरकणाऱ्या फेडरना) सहसा 1,024 टप्पे असतात आणि तेच अंतर ते सलग उतरतात.

लांबीचाही विचार करावा. स्टुडिओतल्या मिक्सरचा फेडर 100 मिलिमीटर सरकतो. लहान उपकरणांत तो 60 मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असतो. आखूड फेडरवर 1 डेसिबलची हालचाल बोटाच्या थरथरीएवढी होते.

मोटर असलेला फेडर आणि बिनमोटरचा फेडर ही सर्वांत मोठी विभागणी. कन्सोलवरचे, म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरवरचे, फेडर आपोआप हलवण्याची कल्पना जुनी आहे. नीव्ह कंपनीच्या नेकॅम प्रणालीने 1970 च्या दशकातच ती मोठ्या स्टुडिओत आणली होती. घरच्या उपकरणांत तिचे महत्त्व टच ऑटोमेशनमध्ये दिसते. गायकाच्या ओळीतला शेवटचा शब्द दबतो आहे असे समजा. गाणे चालू ठेवून ओळ येईपर्यंत हात वर धरायचा, शब्दाच्या आधी फेडरला बोट टेकवायचे, दीडेक डेसिबल वर न्यायचे आणि शब्द संपताच बोट उचलायचे. फेडर स्वतः आधीच्या जागी परत जातो. पुन्हा ऐकताना तोच शब्द आला की फेडर डोळ्यांसमोर वर सरकतो. पटले नाही तर त्याच क्षणी बोट टेकवून नवी हालचाल लिहिता येते. माऊसने बिंदू टाकत हीच रेघ काढता येते, पण ती डोळ्यांनी काढलेली असते. गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर हात हलला की ओळ जिवंत होते. सरफेस घेण्याला माझ्या मते एवढे एक कारण पुरेसे आहे.

यासाठी फेडर स्पर्श ओळखणारा हवा. बोटाऐवजी नखाने किंवा पेनाने तो ढकलला तर स्पर्श नोंदला जात नाही आणि मोटर हाताविरुद्ध जोर लावते.

बिनमोटरच्या फेडरची अडचण ट्रॅकचा गट बदलताना पुढे येते. आठ फेडर पहिल्या आठ ट्रॅकच्या जागी आहेत. आपण पुढच्या आठांवर गेलो, तरी फेडर जिथल्या तिथेच. त्यातला एक हलवला की पातळी एकदम उडी मारते. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर किंवा उपकरणे ‘पिकअप’ची सोय देतात: फेडर जुन्या पातळीवरून जाईपर्यंत काहीच बदलत नाही. उडी टळते, पण दर वेळी ती जागा शोधत बसावे लागते. न संपणारे, गोल फिरत राहणारे एन्कोडर या त्रासातून सुटतात, कारण ते जागा न सांगता फक्त किती फिरवले ते सांगतात. मोटर परवडत नसेल तर बिनमोटरच्या फेडरपेक्षा एन्कोडरांची पट्टी मिक्ससाठी बरी.

सॉफ्टवेअरमधली तंतुवाद्ये किंवा फुंकीची वाद्ये वाजवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना डाव्या हाताने कंट्रोलर क्रमांक 1 आणि 11, म्हणजे मॉड्युलेशन आणि एक्स्प्रेशन, सतत हलवायचे असतात. तिथे मोटर मध्ये येते. किंचित जड चालणारे दोन-तीन लांब साधे फेडर सर्वांत चांगले.

किती फेडर

घरी मिक्स करणारा एका वेळी बहुधा एकाच ट्रॅकवर काम करतो: कधी गायन, कधी तबला, कधी बेस. ऑटोमेशनही एकेक ट्रॅकचेच लिहिले जाते. म्हणून 100 मिलिमीटरचा, स्पर्श ओळखणारा एकच मोटर फेडर आणि प्ले, स्टॉप, रेकॉर्डची दणकट बटणे असलेले उपकरण बहुतेकांना पुरते. प्रीसोनसचा फेडरपोर्ट आणि बेहरिंगरचा एक्स-टच वन या प्रकारात मोडतात. आठ फेडरांची गरज खऱ्या अर्थाने पडते ती ड्रमसेट, कोरस किंवा संपूर्ण वाद्यवृंद असलेल्या सत्रांत, जिथे चार-पाच पातळ्या एकमेकींच्या तोलात एकाच वेळी ठरवायच्या असतात. तिथेही वाद्यांचे गट करून ते आठ फेडरांवर आणले तर सोळाची गरज क्वचितच उरते. कॉर्गचा नॅनोकंट्रोल 2 आठ लहान बिनमोटर फेडर देतो. प्रवासात आणि कच्च्या मांडणीसाठी तो सोयीचा, बारीक मिक्ससाठी नाही.

एबलटन लाइव्हमध्ये क्लिप (आवाजाचे छोटे तुकडे) वाजवत रचना करणाऱ्याला फेडरपेक्षा बटणांची जाळी हवी असते. 2009 मधले अकाईचे एपीसी 40 आणि 2013 पासूनचे एबलटनचे पुश त्या कामासाठी आहेत.

खोली आणि टेबल

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा आणि रेकॉर्ड करणारा बहुधा एकच असतो. हातात गिटार किंवा समोर मायक्रोफोन असताना फेडरचा काही उपयोग नाही. उपयोग आहे तो फूटस्विचचा. सरफेसला फूटस्विचची जागा असेल तर पायाने पंच-इन (चालू गाण्यात मधूनच रेकॉर्डिंग सुरू) करता येते आणि ती जागा आहे का हे आवर्जून पाहावे. त्याच खोलीत मायक्रोफोन उघडा असेल तर मोटरचा आवाजही त्यात शिरतो. जुन्या ऑटोमेशनवर नवा टेक घेताना फेडर सरकले की शांत गाण्यात ती खरखर ऐकू येते. त्यामुळे रेकॉर्डिंगपुरत्या मोटर बंद करण्याची सोय महत्त्वाची. मोटर असलेली उपकरणे बहुधा स्वतंत्र अडॅप्टरवर चालतात, तर बिनमोटरची लहान उपकरणे यूएसबीवरच. संगणकाने ड्रायव्हर न टाकता ओळखलेले उपकरण ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावरही टिकण्याची शक्यता जास्त.

आठ फेडरांचा सरफेस टेबलाचा मोठा भाग व्यापतो. तो मधोमध ठेवला तर कीबोर्ड आणि माऊस बाजूला जातात आणि बाजूला ठेवला तर हात लांबवावा लागतो. हात लांबवून गाठावा लागणारा फेडर काही आठवड्यांत वापरातून जातो. विकत घेण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा कापून टेबलावर ठेवावा आणि स्पीकरच्या मध्ये नेहमीच्या जागी बसून कोपर न उचलता हात त्यावर पोचतो का ते बघावे.