बिनपानांची ऑर्किडं आणि सांगलीचं बोअरचं पाणी

लाकडाच्या ढलपीवर वाळक्या शेवया चिकटून बसाव्यात, तसं कायलोस्किस्टा हे ऑर्किड दिसतं. पान एकही नाही. खोड म्हणावं तर नखाएवढं, आणि त्यातून चहूकडे पसरलेली राखाडी-पांढरी मुळं. घरी आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "हे गेलंय की हो, काढून टाका." खरं तर ते ठणठणीत असतं आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच मुळांच्या गुंत्यातून फुलांचा तुरा काढतं.

अशा ऑर्किडांच्या जाती जगभर आहेत. आफ्रिकेत मायक्रोसीलिया, फ्लोरिडा आणि क्यूबाच्या दलदलीत घोस्ट ऑर्किड, आपल्या देशात कायलोस्किस्टा आणि टीनिओफायलम. घोस्ट ऑर्किडचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून मागणीही त्यालाच. पण ते दमट दलदलीतलं झाड. सांगलीत काचेच्या पेटीशिवाय त्याच्या नादी लागू नये. कायलोस्किस्टाच्या बऱ्याच जाती पानगळीच्या जंगलातल्या, म्हणजे कोरड्या हिवाळ्याची सवय असलेल्या. आपल्याकडे जमलं तर त्याच जमतात. पावसाळ्यात कधी एखाद-दुसरं बारीक पान फुटलं तर दचकू नका, ते गळून जातं.

चांदोलीच्या बाजूला सह्याद्रीत डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम नावाचं ऑर्किड दिसतं. तेही पानं टाकून मग फुलतं, पण त्याच्या जाडजूड खोडात पाणी साठवलेलं असतं. कायलोस्किस्टाकडे असं कोठार नाही. त्याचं पानही मूळच, तोंडही मूळच. हरितद्रव्य मुळांमध्येच असतं आणि अन्न तिथेच तयार होतं. (ज्या झाडावर ते चिकटतं त्याचा रस मात्र ते शोषत नाही. बांडगुळाशी त्याचा काही संबंध नाही.)

कोरड्या मुळावर पाण्याचा एक फवारा मारून बघा. खडूसारखा पांढरा रंग काही सेकंदांत हिरवा होत जातो. मुळाभोवती वेलामेन नावाचा मृत, पोकळ पेशींचा थर असतो. कोरडा असताना त्यात हवा असते म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी भरलं की तो पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं. भिंग लावलं तर हिरव्यावर काही पांढरे ठिपके, रेघा तशाच राहिलेल्या दिसतील. तिथे पाणी शिरत नाही, कारण ती मुळाची श्वास घेण्याची जागा आहे.

पाणी आत जायला सेकंद पुरतात, सुकायला एरवी काही तास लागतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: विद्युतभार असलेले क्षार वेलामेनमध्ये अडकून राहतात. जंगलात हे वरदान आहे. पहिल्या सरीबरोबर फांदीवरून धूळ, पाखरांची विष्ठा धुऊन येते, तिच्यातलं पोषण मूळ धरून ठेवतं. पण सांगलीतलं बोअरचं पाणी फवारलं, तर त्यातले क्षारही तितक्याच निष्ठेने धरून ठेवले जातात. काही महिन्यांत मुळांवर पांढरी पापुद्र्यासारखी खर येते आणि कितीही भिजवलं तरी मूळ हिरवं होत नाही. बहुतेक झाडं उन्हाने नाही, अशी मरतात असं माझं मत आहे.

द्राक्षबागायतदाराला पाणी तपासण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. इथेही टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र वापरा. 100 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 100 भाग क्षार) आत उत्तम, 200 च्या वर गेलं की ते पाणी नको. पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं आणि ते परवडतंही. सांगलीला वर्षाला साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस पडतो. 10 चौरस मीटर पत्र्यावर 500 मिलिमीटर म्हणजे 5,000 लिटर झाले. ढलप्यांवर बांधलेल्या चार-पाच झाडांना रोज लिटरभर पाणीही लागत नाही, त्यामुळे 200 लिटरचे दोन ड्रम भरून ठेवले तरी पुढच्या पावसापर्यंत भागतं. ड्रमला झाकण हवंच, नाहीतर डास होतील.

आता वेळ. निवडुंग आणि अननस रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, बंद ठेवतात. कायलोस्किस्टा उसनिऑयडिस या जातीची मुळंही रात्रीच कार्बन डायऑक्साइड घेतात, हे 1985 मध्ये दाखवलं गेलं. फरक एवढाच की मुळांना रंध्रं नसतात, त्यामुळे उघडझाप करणं त्यांच्या हातात नाही. वेलामेन पाण्याने भरलेलं असेल तर हवा आत जायला अडते. म्हणून रात्री मूळ पांढरं हवं. सकाळी सातच्या आसपास पूर्ण भिजवा आणि तीन-चार तासांत पांढरं होतंय का ते बघा. संध्याकाळपर्यंत हिरवंच राहिलं, तर वारा कमी पडतोय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा अर्ध्या तासातच सुकतं. मग दुपारी चारला आणखी एकदा द्या, पण दिवेलागणीनंतर नको. झडीच्या दिवसांत उलटा त्रास असतो. तेव्हा ढलपी पत्र्याखाली, वाऱ्याच्या जागी हलवावी.

लाकूड खरबरीत, टिकाऊ आणि साल न सोडणारं घ्या. ऐन, आंबा, बाभूळ चालतात. निलगिरी साल टाकते, ती नको. तासगावकडे द्राक्षाची जुनी खोडं सहज मिळतात आणि दिसतातही झकास, पण त्यांच्यावर वर्षानुवर्षं तांबं असलेल्या औषधांची फवारणी झालेली असते. तांबं ऑर्किडांना सोसत नाही, म्हणून मी ती टाळतो. बांधायलाही तांब्याची तार नको. मासे धरायची नायलॉन दोरी किंवा जुन्या पायमोज्याची पट्टी चांगली. मुळाचं हिरवं टोक कुठेही दाबलं जाऊ देऊ नका, वाढ तिथेच होते. खाली मॉस किंवा नारळाची शेंडी घालायचा मोह होतो. घालू नका, रात्रभर ओल राहते. एकदा मूळ लाकडाला चिकटलं की ते सोडवायला जाऊ नये, तुटतंच.

उन्हाळ्यात 75 टक्क्यांचं शेडनेट, थंडीत 50 टक्क्यांचं पुरतं. खत म्हणून कृषी सेवा केंद्रातलं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) चालेल, लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही नवी टोकं फुटत असतानाच. मधल्या दिवशी निव्वळ पाण्याने धुऊन काढा.

पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून घ्या. बागेतलं उरलेलं बोर्डो मिश्रण मारू नका, त्यात मोरचूद म्हणजे तांबंच असतं. पावसाळ्यात गोगलगायींकडे लक्ष ठेवा. एका रात्रीत त्या सगळी टोकं कुरतडतात. मग त्या मुळाला बाजूने फाटा फुटेपर्यंत वाट पाहण्याखेरीज उपाय नाही.

विकत घेताना टोकं बघा, निदान दोन-तीन हिरवी हवीत. आणि रोप रोपवाटिकेत वाढवलेलं आहे ना, हे विचारा. सगळी ऑर्किडं साइट्स या, वन्य झाडं-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, आणि जंगलातून ओरबाडून आणलेल्या झाडाची मुळं झाडावरून काढतानाच तुटलेली असतात. असं झाड स्वस्त पडलं तरी वर्षभर टिकत नाही.