व्यसनमुक्ती आणि कुटुंब

व्यसनी माणसाच्या घरच्यांना या आजाराची माहिती देणे, त्यांच्या वागण्यातला जो भाग नकळत व्यसनाला हातभार लावतो तो बदलायला मदत करणे आणि त्यांची स्वतःची मोडलेली झोप, तब्येत, पैशाची घडी सावरणे, या तिन्ही कामांना मिळून व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात कुटुंबसाहाय्य म्हटले जाते. यादीत तिसरे काम शेवटी येते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तेच आधी करावे लागते. दिल्लीच्या एम्सने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 10 ते 75 वयोगटातले सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या सुमारे 5.7 कोटींना मदतीची गरज आहे. पुरुषांत पिणाऱ्यांचे प्रमाण 27.3 टक्के, तर बायकांत 1.6 टक्के. त्यामुळे आपल्याकडे ‘घरचे’ म्हणजे बहुतेक वेळा बायको, आई किंवा बहीण.

घरच्यांची पहिली प्रतिक्रिया असते पांघरूण घालण्याची. नवरा रात्री पिऊन आलेला असतो, सकाळी उठत नाही. बायको त्याच्या साहेबांना फोन करून ‘त्यांना ताप आलाय’ म्हणून सांगते. गुत्त्यावरची उधारी आई पेन्शनमधून गुपचूप भागवते. बापाला हाताला धरून घरी आणायला दहा वर्षांच्या पोराला धाडले जाते. तांदळाच्या डब्यात सापडलेली चपटी मोरीत ओतली जाते आणि संध्याकाळी दुसरी येते. यातली एकही गोष्ट वाईट हेतूने केलेली नसते. नोकरी टिकावी, शेजाऱ्यांत शोभा होऊ नये, एवढीच धडपड. पण पिण्याचे चटके ज्याला बसायला हवेत त्याला ते बसतच नाहीत, घरच्यांना बसतात. समुपदेशक पहिल्या भेटीत बायकोला ‘साहेबांना फोन करू नका’ म्हणतात तेव्हा ती हादरते, आणि तिचे हादरणे रास्त असते: नोकरी गेली तर चूल तिचीच विझणार. म्हणून हा सल्ला सरसकट देता येत नाही. कोणते पांघरूण आज काढायचे आणि कोणते अजून महिनाभर राहू द्यायचे, हे घर बघून ठरवावे लागते.

मराठी घरांतले पारंपरिक उपाय तीन: शपथ, लग्न आणि माळ. आईची शपथ जेमतेम पुढच्या पगारापर्यंत टिकते. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा उपाय तर एका आजाऱ्याबरोबर एका परक्या मुलीलाही त्या आजारात ओढण्याचा आहे. माळेची गोष्ट मात्र थोडी वेगळी. तुळशीची माळ घातल्यावर दारू कायमची सुटलेली माणसे गावोगाव भेटतात. माळकऱ्याला संध्याकाळचे भजन मिळते, एकादशी, वारी आणि न पिणारी संगत मिळते, हे त्यामागचे कारण असावे. नुसत्या गळ्यातल्या माळेचा तेवढा उपयोग दिसत नाही.

चौथा उपाय धोक्याचा आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती रंगवलेल्या भिंती कुणी पाहिल्या नसतील? भाजीत कालवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत काय आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. डायसल्फिराम नावाचे खरे औषध आहे. त्याचा दारूवरचा परिणाम डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 1948 मध्ये जगापुढे मांडला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जीवही जातो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. पोटच्या पोरालाही चोरून देऊ नये.

तितकीच घातक सवय म्हणजे खोलीत कोंडून दारू ‘तोडणे’. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली तर काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत. ही तातडीने दवाखान्यात नेण्याची अवस्था. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, टर्की (नशा बंद केल्यावर होणारा त्रास) सहसा जीवघेणी नसते; तिथला धोका नंतरचा. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुन्याच मात्रेने श्वास थांबू शकतो.

घरच्यांनी एकत्र बसून बोलण्याची पद्धत अमेरिकेत 1951 मध्ये लोइस विल्सन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अल-अनॉन या दारुड्यांच्या घरच्यांच्या संघटनेने रुजवली. व्यसन आपण लावले नाही, ते आपल्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही आपल्या हातात नाही, ही त्यांची मुख्य शिकवण. पुढे रॉबर्ट मेयर्स यांच्या ‘क्राफ्ट’ या पद्धतीने यातल्या काही भागाला छेद दिला: घरच्यांना माणूस बरा करता येत नसेल, पण त्याला उपचारांपर्यंत आणता येते. तो शुद्धीत असताना सोबत जेवायचे, बोलायचे, कौतुक करायचे. पिऊन आला की वाद न घालता बाजूला व्हायचे. 1999 च्या एका अभ्यासात 130 नातेवाइकांची तीन गटांत विभागणी केली होती. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा माणूस उपचारांना आला, सगळ्यांनी मिळून समोरासमोर धरण्याच्या पद्धतीत 30 टक्क्यांचा, अल-अनॉनच्या वाटेने 13 टक्क्यांचा. अर्थात माणसाला उपचारांना आणणे हा अल-अनॉनचा दावाच नाही, त्यामुळे ही तुलना तिच्यावर थोडा अन्यायही करते.

महाराष्ट्रात हे काम ठळकपणे केले ते पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ हा गट आहे. सभेत नवी आलेली बाई बहुधा नवऱ्याबद्दलच बोलत राहते; जुन्या बायका मात्र ‘तू जेवलीस का?’ इथून सुरुवात करतात.

कायद्याचेही थोडे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. त्यामुळे चार माणसे बोलावून, दोरीने बांधून, गाडीत घालून कुठल्याही केंद्रात डांबणे बेकायदा आहे. इच्छेविरुद्ध दाखल करायचे तर कायद्याच्या अटी पाळाव्या लागतात. मारहाण होत असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, आणि नवरा आजारी आहे म्हणून तो गैरलागू होत नाही. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन 14446.

उपचार घेऊन माणूस घरी परतला की खरी कसरत सुरू होते. दार उघडताच त्याच्या तोंडाचा वास घेणे, दहा मिनिटे उशीर झाला की फोन करणे, प्रत्येक भांडणात जुने उकरून काढणे, यांनी तो वैतागतो. आणि घरच्यांना तरी विश्वास कुठून आणावा? म्हणून काही समुपदेशक घरी जाण्याआधी दोघांना समोर बसवून बारीकसारीक गोष्टी ठरवून घेतात. एटीएम कार्ड पहिले सहा महिने कुणाकडे, रोज खिशात किती पैसे, भावकीतल्या लग्नाला जायचे की नाही, गेलो तर वरातीआधी निघायचे का, आणि स्लिप झालीच, म्हणजे तो पुन्हा प्यायलाच, तर त्या रात्री पहिला फोन कुणी कुणाला करायचा.