वसंतातील निसर्गनिरीक्षण (नागपूर परिसर)

वसंतातील निसर्गनिरीक्षण : माघाच्या अखेरीपासून वैशाख लागेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, नागपूर शहर आणि भोवतालची राने, वावरे, तलाव इथला फुलोरा, पक्षी व फुलपाखरे पाहण्याचा आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचा छंद. पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. पण इथला पळस होळीच्या आधीच बहरात येतो. पाडव्याची वाट पाहत बसणाऱ्याचा अर्धा हंगाम हातचा जातो.

नागपूरच्या आसपासचे जंगल कोरड्या पानझडीचे. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि फेब्रुवारीपर्यंत गवत वाळून कडकडीत होते. जमिनीवर दाटीने उगवणारी रानफुले पावसाळ्याच्या उत्तरार्धातली; वसंतात ती शोधायला गेलेला माणूस हमखास निराश होतो. या दिवसांत फुले असतात डोक्यावर, झाडांना. पाने गळाल्यावर फुलणारी झाडे पाखरांना लांबून दिसतात, फुलापर्यंत पोहोचायला पानांची आडकाठी राहत नाही. पाहणाऱ्यालाही तोच फायदा. श्रावणात नुसता ऐकू येणारा पक्षी मार्चमध्ये निष्पर्ण फांदीवर उघडा बसलेला सापडतो.

हंगामाची सुरुवात काटेसावर करते. तिची जाड, मांसल लाल फुले अखंडच खाली पडतात आणि शांत सकाळी वाळल्या पाल्यावर पडल्याचा ‘थप’ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. मागोमाग पळस. त्याची कळी मखमली, काळपट. फूल पोपटाच्या चोचीसारखे वाकडे, म्हणून संस्कृतात ‘किंशुक’, हा पोपट तर नव्हे? पळसाला पाने तीनच ही म्हण सर्वांना पाठ असते. ती तीन पाने मात्र फुले ओसरताना येतात. फुलांत मध मुबलक. मैना, बुलबुल, टकाचोर, कोतवाल आणि भोरड्या एकाच झाडावर भांडताना दिसतात, कपाळाला पिवळा पराग माखलेला. भोरड्या इथल्या नव्हेत. हिवाळा भारतात काढून त्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परततात, तेव्हा पळस-सावरीचा मध ही त्यांची प्रवासाआधीची शिदोरीच म्हणायची. खडकाळ टेकड्यांवर याच सुमारास गणेर पिवळाधमक फुलतो, नाल्याकाठी धायटीच्या लाल झुडपांवर जांभळे शिंजीर घिरट्या घालतात. नराचा काळा-जांभळा झळाळ विणीच्या या दिवसांतच पुरता चढलेला असतो.

जमिनीवर अगदीच काही नसते असेही नाही. पांदणीच्या कडेला आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पिवळा धोतरा, भुईरिंगणी, रुई आणि एकदांडी टिकून असतात. यांतला धोतरा आणि एकदांडी मूळचे अमेरिकेतले. उपरे म्हणून नाक मुरडणारे बरेच, पण मार्चच्या दुपारी फुलपाखराला मध मिळतो तो बऱ्याचदा एकदांडीच्या त्या नगण्य फुलातच.

नवशिक्याने एकच गोष्ट नीट पाहायची ठरवली तर आंब्यावरचे बांडगूळ पाहावे. बागवानाला ते नकोसे. निरीक्षकाला मात्र त्यात तीन गोष्टींची गाठ सापडते. त्याची फळे खातो फुलटोच्या, जेमतेम ८ सेंटिमीटरचा राखी पक्षी, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बी पोटातून लवकरच बाहेर पडते, पण इतकी चिकट की सहज सुटत नाही. मग तो फांदीवर आडवा सरकत बूड घासतो, आणि बी फांदीलाच चिकटून तिथे नवे बांडगूळ रुजते. त्याच बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू पुंजक्याने अंडी घालते आणि त्याच्या अळ्या झुंडीनेच वाढतात. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळे आणि लाल ठिपके, त्यांना काळ्या रेघांची चौकट. नाव ठेवणाऱ्याने अचूक ठेवले आहे. ते शेंड्याशी उडते, म्हणून इथेही मान वरच.

बाकी फुलपाखरांच्या दृष्टीने वसंत हा तसा दुबळा काळ, हे मोकळेपणाने सांगितलेले बरे. त्यांची खरी गर्दी पावसाळ्यात आणि त्यानंतर. देशभर पाळला जाणारा ‘बिग बटरफ्लाय मंथ’ सप्टेंबरमध्ये असतो तो त्यामुळेच. वसंतात संख्या कमी असली तरी गमती वेगळ्या. काही जातींचे उन्हाळी रूप पावसाळी रूपाहून इतके निराळे असते की जात दुसरीच वाटावी: पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके पुसट होतात आणि मिटलेले पंख हुबेहूब वाळलेले पान दिसतात, देठ आणि मधली शीर यांसकट. पाचोळ्यात पाऊल टाकले की एखादे ‘पान’ उडून चार हातांवर पुन्हा पान होऊन बसते. आटत चाललेल्या नाल्याच्या ओलसर मातीवर नर फुलपाखरे दाटीने बसून क्षार शोषतात. आणि रुईच्या झाडावर बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या हमखास मिळतात. रुईतले विष अंगात साठवल्यानेच तो पक्ष्यांना ‘कडवा’.

काटोल, नरखेड, कळमेश्वरच्या संत्राबागांत या विषयाची दुसरी बाजू दिसते. आंबिया बहरासाठी झाडाला ताण देऊन, म्हणजे काही दिवस पाणी तोडून, मग पाणी सोडले की जानेवारी-फेब्रुवारीत फुले आणि कोवळी नवती एकदम फुटते. बहुरूपीसारखी फुलपाखरे नेमकी या नवतीवर अंडी घालतात. लहान अळी काळी-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. मोठी झाली की हिरवी. काडीने डिवचली तर डोक्यामागून दुफाटे शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. बागायतदार तिला कीड म्हणून वेचून मारतो, आणि त्याच्या जागी त्याचे बरोबरच आहे. योगायोग असा की २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत याच कुळातला, लिंबूवर्गीय झाडांवरच वाढणारा.

पक्ष्यांची या महिन्यांत अदलाबदल चालते. तलावांवरची थापट्यासारखी हिवाळी बदके मार्चअखेर पांगतात, धोबी विणीच्या रंगात येऊन उत्तरेला निघतो. राहिलेल्यांची वीण सुरू होते. विदर्भात दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीळकंठ आता हवेत उंच चढून कोलांट्या घेत खाली येतो आणि तेव्हाच पंखांतली निळाई पुरती उघडते. तांबट वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला भोक कोरतो. कोकिळेचे गाणे म्हणतात ते नराचे; मादी ठिपकेदार, तिचा आवाज तुटक ‘किक-किक’, आणि तिचे लक्ष कावळ्याच्या घरट्याकडे. सकाळच्या पहिल्या उन्हात उघड्या शेंड्यांवर थव्याने ऊन खात बसणारे हरियाल, म्हणजे राज्यपक्षी, उंबर-वडाच्या फळांवर उतरण्याआधी निवांत मोजता येतात.

शहरातल्या शहरात सेमिनरी हिल्स, अंबाझरी आणि गोरेवाडा; बाहेर रामटेक-खिंडसी, हिंगण्याकडची पांदणे, उमरेड-कऱ्हांडला आणि पेंच. शेवटच्या दोन ठिकाणी प्रवेशाचे नियम असतात आणि गाडीतून उतरता येत नाही, म्हणून फुले व फुलपाखरांसाठी गावालगतचे साधे रान अधिक सोयीचे. वेळ सहा ते नऊ. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जाऊ लागला की नऊनंतर पक्षीही सावली धरतात. मोहाखाली मात्र उजाडताच जावे. फुले उत्तररात्री गळतात आणि वेचणाऱ्या बायका टोपल्या घेऊन आधीच आलेल्या असतात. वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची चाल आहे आणि तीच आग पसरून पुष्कळदा वणवा होतो. पाचोळ्यातली ती पानासारखी फुलपाखरे त्यात आधी जातात.

साधने थोडी : दुर्बीण, वही, पाण्याची बाटली. घरट्याचे जवळून फोटो काढणे आणि पक्ष्याला फोनवरचा आवाज ऐकवून बोलावणे जाणते लोक टाळतात. नोंद एकाच झाडाची, दर आठवड्याला ठेवावी : पहिली कळी, भर बहर, पहिले पान, फुलावर आलेले पक्षी. ‘सीझनवॉच’सारख्या लोकसहभागी उपक्रमात अशाच नोंदी घेतल्या जातात. एप्रिलच्या उतरणीला बहाव्याचे पिवळे झुबके लोंबू लागले की वहीचे पान उलटून त्यावर उन्हाळा असे लिहायला हरकत नाही.